पहिल्यांदाच ट्रॅकवर गाडी घालताय? आधी ब्रेक ऑइल बदला

यावेळी पत्रांचा ढीग एकाच विषयाचा आहे, ट्रॅक डे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. रेसिंगचा ट्रॅक आयोजक दिवसभर भाड्यानं घेतात, आपण पैसे भरून आपलीच रोजची गाडी त्यावर चालवायची, नंबर नाही, बक्षीस नाही, पंधरा-वीस मिनिटांची सेशन्स असतात आणि मध्ये गाडी आणि माणूस दोघांनी थंड व्हायचं. पत्रं पेठेतनं आलीत, कागलवरनं आलीत, एक गारगोटीचं पण आहे. नावं मुद्दाम टाकत नाही, घरच्यांनी वाचलं तर पंचाईत व्हायची काहींची.

माझ्याकडं स्विफ्ट पेट्रोल आहे. मित्रांबरोबर चेन्नईला ट्रॅक डेला जायचं ठरलंय. त्याआधी उद्यमनगरात एक्झॉस्ट करून घ्यावा, गाडी खाली बसवावी आणि रिमॅप मारावा (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवावी) असं डोक्यात आहे. बजेट साठ-सत्तर हजार. कुठनं सुरुवात करू? – शिवाजी पेठ

भावा, ब्रेक ऑइलपासनं सुरुवात कर आणि जवळपास तिथंच थांब. तुझ्या यादीतल्या तिन्ही गोष्टी गाडी पळवायच्या किंवा मिरवायच्या आहेत आणि पहिल्या दिवशी तुला कमी पडणार आहे ते थांबणं. हिशेब सोपा आहे, वेग दुप्पट झाला की ब्रेकला पचवायची ऊर्जा चौपट होते, म्हणजे ६० वरनं थांबताना जेवढी उष्णता तयार होते त्याच्या चौपट १२० वरनं थांबताना होते, आणि ट्रॅकवर हे एकदा होत नाही, प्रत्येक लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) चार-पाच वेळा होतं, मध्ये गार व्हायला वेळच नसतो. त्यात रिमॅप मारून सरळ रस्त्यावर अजून दहा-पंधराचा वेग वाढवलास तर तो पण त्याच ब्रेकनं उतरवायचाय.

आता ब्रेक ऑइलच का, ते नीट समजून घे कारण गॅरेजमध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत असतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उकळायचा आकडा कमीत कमी २०५ अंश, पाणी मुरल्यावर तोच १४० वर येतो. डॉट ४ चं नवं असताना २३०, पाणी मुरल्यावर १५५. आपल्याकडचा पावसाळा बघता दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल कुठल्या आकड्याजवळ असेल ते तूच ठरव. ते कॅलिपरपाशी (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, मग पॅडल मऊ लागतं आणि थेट खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. दुसरा प्रकार पॅड तापून हार मानायचा, त्यात पॅडल नेहमीसारखं घट्ट असतं, तू अंगातली सगळी ताकद लावतोस तरी गाडी पुढंच जाते. दोन्हीत काय करायचं? पहिली जरा शंका आली की त्या लॅपला वेग सोडायचा, ब्रेक जवळजवळ न लावता एक गार लॅप मारायचा आणि पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाड्या उभ्या करायच्या जागेत) यायचं. अजून एक लॅप बघूया, असं अजिबात नाही.

तर बजेट असं लाव. नवीन डॉट ४ ऑइल, चारी चाकांचं पूर्ण बदलून, नुसतं वरनं टॉप-अप नाही (डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते चुकूनही घालू नको). पुढचे पॅड अर्ध्याच्या वर शिल्लक हवेत, नसतील तर नवीन टाक आणि जायच्या आधी गाडी चालवून हळूहळू बसवून घे. टायर बघ, नुसती नक्षी बघू नको, बाजूला चार आकडी नंबर असतो, २३२१ असेल तर टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांचा कडक झालेला टायर दिसायला कितीही चांगला असू दे, त्याला ट्रॅकवर नेऊ नको. इंजिन ऑइल, कूलंट, अलाइनमेंट, आणि चाकाचे नट मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) टॉर्क पान्यानंच आवळायचे, पाइप घालून पाय देऊन नाही. हे सगळं करून पण तुझे बरेच पैसे उरतात. त्या पैशातनं आयोजकाकडनं शेजारी बसणारा इन्स्ट्रक्टर घे. एक्झॉस्टपेक्षा तो लई स्वस्त आणि गाडी खरंच त्यानंच फास्ट होते.

गाडी खाली बसवायचं तर सोडूनच दे, स्प्रिंग कापून खाली केलेली गाडी ट्रॅकवर उसळ्या मारते आणि परत येताना आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरला घासते ते वेगळंच.

कोल्हापुरातनं जवळचा ट्रॅक कुठला? एकदम चेन्नईला जायचं का? – राजारामपुरी

आपल्याकडं सुरुवात करायला घरचाच ट्रॅक आहे आणि लोक तो विसरून हजार किलोमीटरचा विचार करतात. मोहिते रेसिंग अकादमीच्या कार्टिंग ट्रॅकवर (कार्ट म्हणजे जमिनीलगतची, उघडी, छोटी रेसची गाडी) राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला, ध्रुव मोहिते टूरिंग कारच्या रेसमध्ये चमकला, अशी पोरं एकाएकी उगवत नाहीत. आधी फोन करून वेळ विचारा आणि कार्ट चालवून या. तालमीत पहिल्या दिवशी उतरून कुणी खासबागेत कुस्ती लावत नाही.

कार्टला सस्पेन्शन नसतं, मागचा ॲक्सल एकसंध असतो आणि भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुतेक मागच्याच चाकांना, त्यामुळं वळणात स्टिअरिंग फिरवलेलं असताना ब्रेक दाबला की गाडी तिथंच गरकन फिरते. दहा मिनिटात कळतं की ब्रेकचं काम वळणाच्या आधी संपवायचं असतं. हाच धडा स्वतःच्या गाडीवर शिकायचा म्हणजे बंपर गेला.

पुढं मोठे ट्रॅक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा, १९९० पासनं चालू, साधारण ३.७ किलोमीटरचा. गंमत म्हणजे आपल्या दारातनं जाणारा ४८ नंबरचा हायवेच बेंगळुरूवरनं तसाच पुढं त्याच्या जवळनं जातो. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर, छोटा पण शिकायला चांगला कारण सरळ रस्ता मर्यादित, वळणं जास्त. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर, २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथंच झालं, पण पहिल्यांदाच जाणाऱ्यानं तिकडं जाऊ नये असं माझं मत, तिथला लांब सरळ रस्ता साध्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा घेतो.

मी आंबा घाट, करूळ घाट कितीतरी वर्षं चालवतोय, रात्री, धुक्यात, पावसात. ट्रॅकला तर समोरनं ट्रक पण येत नाही. मला वेगळं काय शिकायचं आहे? – गारगोटी

दादा, तुमचा घाटातला हात पक्का असणार यात वाद नाही, आणि तोच पहिल्या दिवशी आड येणार. घाटात आपण डाव्या बाजूला चिकटून, पुढचं वळण आंधळं धरून चालवतो, ते बरोबरच आहे. ट्रॅकवर सगळा रस्ता तुमचा असतो. वळणाच्या आधी बाहेरच्या कडेला, मग आतल्या कडेला टेकायचं आणि निघताना परत बाहेर. आतल्या कडेला जिथं सगळ्यात जवळ जाता तो अपेक्स. नवशिक्यांनी हा अपेक्स जरा उशिराच पकडायचा, म्हणजे घाई करून आत वळायचं नाही, थोडं थांबून वळायचं, मग बाहेर पडताना रस्ता शिल्लक राहतो. लवकर वळलं की सुरुवातीला झकास वाटतं आणि शेवटी रस्ताच संपतो. (हे घाटात करायचं नाही बरं का, बाहेरची कडा म्हणजे तिथं समोरनं येणाऱ्या एसटीची जागा.)

ब्रेकची सवय तर पूर्ण उलटी करायची. रस्त्यावर आपण आधी हलका आणि मग वाढवत वाढवत दाबतो, शेवटी सिग्नलला जास्त. ट्रॅकवर गाडी सरळ असतानाच आधी जोरात, अगदी जोरात, आणि वळणाजवळ येईल तसा पाय हळूहळू वर. आधी का, तर ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि ती रस्ता घट्ट धरतात, आणि स्टिअरिंग फिरवायच्या वेळेला टायरला वळायचं काम शिल्लक ठेवायचं, थांबायचं आणि वळायचं दोन्ही एकदम पूर्ण ताकदीनं टायर करू शकत नाही. बऱ्याच लोकांनी आयुष्यात एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागू दिलेलंच नसतं, त्यामुळं पॅडल पायाखाली थरथरायला लागलं, कर्रकर्र आवाज आला की घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही. ते थरथरणं म्हणजे एबीएस काम करतंय. सरळ रस्त्याच्या शेवटी वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या २००, १००, ५० अशा पाट्या असतात, पहिल्या दोन-तीन लॅपला २०० च्या आधीच ब्रेक लावा, मग थोडं थोडं पुढं सरका.

आणि डोळे. हे सगळ्यात अवघड. घाटात पुढच्या गाडीचा दिवा बघायची सवय लागते. ट्रॅकवर ब्रेक लावतानाच नजर अपेक्सवर गेली पाहिजे आणि अपेक्सला पोचायच्या आधी नजर बाहेर पडायच्या जागेवर, मान वळवून, बाजूच्या काचेतनं बघायला लागलं तरी. जिथं बघाल तिथं गाडी जाते. भिंतीकडं बघत बसलात तर भिंतीकडं.

बसायचं पण बघून घ्या. सीट इतकी पुढं की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. एक हात गिअरच्या दांड्यावर ठेवून चालवायची तुमची स्टाइल (असणारच) तेवढा दिवस घरी ठेवा.

मिस्टरांच्या ग्रुपबरोबर मी पण जाणार आहे आणि बघायला नाही, गाडी चालवायला. भीती वेगाची नाही, मागनं मोठ्या गाड्या येतील त्याची आहे. आणि झेंडे दाखवतात म्हणे, ते पाठ करायचे का? – कागल

ताई, भारी! झेंडे पाठच करा, फार नाहीत. पिवळा म्हणजे पुढं धोका आहे, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू करून, मागं-पुढं बघत, पिटमध्ये या, जागच्या जागी कचकन ब्रेक लावायचा नाही. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक कुणाचं तरी ऑइल सांडलेलं. निळा म्हणजे मागनं वेगवान गाडी येतेय. काळा तुमच्याकडं दाखवला तर पिटमध्ये या, काहीतरी झालंय, कदाचित तुमच्या गाडीतनं धूर येत असेल आणि तुम्हाला माहीत पण नसेल. चौकटीचा म्हणजे सेशन संपलं, एक गार लॅप मारून आत. सकाळी ब्रीफिंगला हे परत सांगतात, तेव्हा मागं चहा पीत उभं राहू नका. आयोजकागणिक एखादा नियम वेगळा असतो आणि तोच त्या दिवशी लागू.

मागनं येणाऱ्या गाडीचं म्हणाल तर उलट तुमच्या हातात सूत्रं असतात. नवशिक्यांच्या ग्रुपमध्ये ओव्हरटेक फक्त ठरवलेल्या सरळ रस्त्यावर आणि पुढच्या गाडीनं हात किंवा इंडिकेटर दाखवल्यावरच. तुम्ही बाजू दाखवायची, थोडा ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्वतःची लाइन सोडायची नाही. त्याला वाट द्यायला म्हणून वळणात अचानक बाजूला होणं हे सगळ्यात धोक्याचं, कारण मागचा तुम्ही तिथंच असाल असं धरून येत असतो. तीन आरशांवर नजर, सरळ रस्त्यावर आलं की एकदा. बाकी मागच्याला घाई असेल तर त्याची त्याला. मिस्टर मागं असतील तर त्यांना पण सरळ रस्त्यापर्यंत थांबू दे.

गाडी स्लाइड झाली तर? – मार्केट यार्ड

आपली गाडी असते स्विफ्ट, पोलो, आय-२० अशी पुढच्या चाकांवर चालणारी, आणि ती बहुतेक वेळा पुढनं घसरते, म्हणजे स्टिअरिंग फिरवलंय तरी गाडी सरळ चाललीय. त्या वेळी अजून फिरवावंसं वाटतं, फिरवू नका, थोडं सोडा, ॲक्सिलरेटर थोडा सोडा, टायर परत धरतो. दुसरा प्रकार जास्त फसवा. वळणात वेग जास्त वाटला म्हणून झटक्यात पाय काढला तर वजन पुढं येतं, मागचा भाग हलका होतो आणि गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. म्हणून वळणात एकदम काहीच करायचं नाही, ना पाय काढायचा ना ब्रेक मारायचा, सगळं हळू. ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर चालूच ठेवा, ते बंद करायचं बटण तुमच्यासाठी नाही.

आणि फिरलीच, हाताबाहेर गेलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरायचे, गाडी थांबेपर्यंत. दोन चाकं मातीत गेली तर स्टिअरिंग खेचून एकदम रस्त्यावर आणायचा प्रयत्न करू नका, सरळ जाऊ द्या, वेग कमी होऊ दे, मग मागनं कुणी येत नाही बघून परत या. थांबलात तर गाडीतच बसून राहा, बेल्ट लावलेला ठेवा, मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा माणूस) सांगेल तेव्हाच उतरायचं. आग असेल तर अर्थात बाहेर.

मुलगा मागं लागलाय. इन्शुरन्स चालतो का? हेल्मेट घरातलं बाइकचं चालेल का? नाहीतर हायवेवरच रात्री हौस भागवू दे का? – एक वडील, रुईकर कॉलनी

शेवटच्या प्रश्नाचं आधी. नाही. परवानगीशिवाय रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर एक वर्ष आणि दहा हजारांपर्यंत जातं. आणि हायवेवर रात्री उसाची ट्रॉली टेललाइट न लावता चाललेली असते हे मी आपल्याला सांगायला नको.

पॉलिसीचा कागद काढा, वापराच्या मर्यादा असा एक भाग असतो, त्यात रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग याला विमा लागू नाही असं लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर ठोकली तर पैसे खिशातनं जाणार असंच धरून चाला. पोराला तेवढं एकदा हिशेबात सांगा, पाय आपोआप हलका होतो.

हेल्मेट फुल फेस हवं. कारसाठी स्नेलचं (हेल्मेट तपासणारी संस्था) एसए रेटिंग असतं, त्यात आगीची चाचणी असते, बाइकच्या एम रेटिंगमध्ये ती नसते. पहिल्या ट्रॅक डेला बाइकचं चालतं का हे आयोजकाला विचारा. अर्धं हेल्मेट कुठंच चालत नाही.

डीएसजी ऑटोमॅटिक चालते का? एसयूव्ही? – न्यू पॅलेस

ऑटोमॅटिक चालते, मॅन्युअल मोडमध्ये ठेवा आणि गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला की लगेच आत. एसयूव्ही उंच असते, काही आयोजक घेतच नाहीत आणि ते बरोबर करतात.

कपडे, खाणं, बरोबर काय घ्यायचं? – लक्ष्मीपुरी

सुती फुल पँट, सुती फुल शर्ट, कारण सिंथेटिक कापड आगीत वितळून अंगाला चिकटतं. बूट पातळ आणि सपाट तळाचे. कोल्हापुरी चप्पल कितीही अभिमानाची असली तरी पिटच्या बाहेरच. सकाळी तांबडा-पांढरा नको, हलकं खा, आणि पाणी पीत राहा, चेन्नईच्या दमट उन्हात हेल्मेट घालून बसलं की घाम किती जातो कळत नाही.

गाडी पूर्ण रिकामी करा. पाण्याची बाटली ब्रेक पॅडलखाली घरंगळली तर पुढचं सांगायला नको. स्टेपनी, जॅक, मॅट, चार्जर, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपती पण, चिकटपट्टीवर बसवलेला असतो, जोरात ब्रेक लागला की निघतो आणि पितळेचा असला तर लागतो. आदरानं काढून पिटमध्ये स्वच्छ रुमालावर ठेवा. बरोबर हवेचा गेज, छोटा कंप्रेसर, टॉर्क पाना, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणि टो हुक कुठं बसतो ते माहीत असू दे.

दिवस संपल्यावर त्याच गाडीनं परत यायचं आहे. काही काळजी? – उचगाव

हा प्रश्न एकट्यानंच विचारला, आणि खरं तर सगळ्यांनी विचारायला पाहिजे होता. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले लायनर नाहीतर पॅड तिथंच धरतात, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. टर्बो गाडी असेल तर दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद.

मुख्य गोष्ट हवा. टायर तापला की हवेचा दाब वाढतो, ३२ पीएसआय भरलेला टायर सेशननंतर ३८ च्या आसपास दिसू शकतो, म्हणून लोक गरम टायरमधनं हवा सोडतात आणि ते ठीक आहे. पण संध्याकाळी तोच टायर गार झाला की पाच-सहा पीएसआय कमी असतो आणि माणूस तसाच हायवेला लागतो, चार माणसं, सामान, आणि सलग कितीतरी तास. कमी हवेचा टायर कडेनं वाकत राहतो, तापतो आणि फुटतो. गार झाल्यावर दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरून घ्या. नट परत एकदा टॉर्कला बघा. पॅड किती उरलेत ते चाकाच्या फटीतनं बॅटरी मारून बघा. ब्रेकचं पॅडल मऊ लागत असेल तर ऑइलमध्ये हवा किंवा वाफ राहिलीय, चेन्नईतच ब्लीड करून (ती हवा काढून) घ्या, कोल्हापुरात येऊन बघू म्हणू नका.

आणि त्याच रात्री निघू नका. दिवसभर ट्रॅकवर चालवल्यावर १०० चा वेग ६० सारखा वाटतो, तो अंदाज झोपेशिवाय जाग्यावर येत नाही. लॉजवर झोपा, सकाळी इडली खाऊन निघा, आणि पहिला तास ग्रुपमधल्या सगळ्यात शांत माणसाला चालवायला द्या.